ओट्याला टाइल लावायची? आधी ओटा वाजवून बघा

पाडवा झाला की आपल्याकडं आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे वेध लागतात. लेकी माहेरी येणार, झोके बांधले जाणार, सांजोऱ्या तळायला कढई चढणार आणि नेमका तेव्हाच घरातल्या बाईच्या डोळ्यात तो काळाकुट्ट चिकट झालेला ओटा खुपायला लागतो. यंदा टपालानं आणि व्हॉट्सअॅपवर मिळून ओट्याचेच प्रश्न एवढे आले की हा अख्खा कोपरा ओट्यालाच देऊन टाकलाय. गच्चीच्या गळतीवाल्यांनी रागावू नका, पावसाच्या आधी तुमचा नंबर लावतो.

प्रश्न (जळगावहून एक ताई) : आमचा ओटा वीस वर्षांचा जुना, कडप्प्याचा आहे. गॅसच्या बाजूला तेलानं चिकट पट्टा पडलाय, घासून जात नाही. तोडायचं म्हटलं तर खालच्या ट्रॉल्या, सिंक, नळ सगळंच निघेल. मिस्त्री म्हणतो काही तोडू नका, वरून सिमेंटचा घोळ टाकून दोन बाय दोनच्या विट्रीफाइड टाइल चिकटवून देतो, एका दिवसाचं काम. करू का?

उत्तर : ताई, तोडू नका हे मिस्त्रीचं बरोबर, पण घोळ टाकून चिकटवतो हे चूक, आणि एका दिवसात हे तर अजिबातच नाही. का ते सांगतो, जरा लांबण लागेल.

सगळ्यात आधी ओटा वाजवून बघा. बाजारात टरबूज घेताना आपण टिचकी मारून आवाज ऐकतो ना, तसंच. एखादा पाना घ्या, नाहीतर पाच रुपयाचं नाणं चालेल, आणि भिंतीच्या बाजूनं सुरुवात करून वीतभर अंतरावर टक टक करत पुढच्या कडेपर्यंत या. जिथं टणटण वाजतं तिथं कडप्पा खालच्या मालाला धरून आहे, जिथं डबडब असा पोकळ आवाज येतो तिथं खडूनं गोल करा. मग दोन्ही हातांनी त्या गोलावर दाब द्या. नुसता आवाज पोकळ असेल आणि हलत नसेल तर खालून फट भरून काम भागतं, पण दाबल्यावर जरा जरी हललं, किंवा दोन कडप्प्यांच्या जोडावर एक वर एक खाली झालं, तर आधी खालून टेकू द्या. जुन्या ओट्यांना बऱ्याचदा चार-चार फुटांवर उभा कडप्पा दिलेला असतो आणि मधे लादी नुसती अधांतरी, वर पाण्याचा पिंप ठेवला की वाकते. दगड थोडं वाकणं सहन करतो, टाइलचा सांधा करत नाही, तिथंच पहिली चीर जाते. अडीच-तीन फुटांवर एक टेकू आला की बेफिकीर व्हा.

आता तेल. कडप्पा दिसायला गुळगुळीत असला तरी वीस वर्षांत तेल त्याच्या जोडात आणि बारीक भेगांत मुरतं. काही मिस्त्री सरळ ॲसिडची बाटली मागवतात, ते करू देऊ नका. एक तर ॲसिडनं तेल निघत नाही, आणि दुसरं म्हणजे कडप्पा हा चुनखडीच्या जातीचा दगड, ॲसिड पडलं की फसफसतो, वरचा थर पावडर होतो आणि मग आपण त्या पावडरला टाइल चिकटवत बसतो. त्यापेक्षा धुण्याचा सोडा नाहीतर साधी डिटर्जंट पावडर, कडक गरम पाणी, तारेची घासणी, आणि हे एकदा नाही, दोनदा. धुवून वाळलं की हातानं पाण्याचे थेंब शिंपडा. थेंब तव्यावरच्यासारखा मोती होऊन बसला तर तेल अजून आहे, परत घासा. थेंब पसरला की झालं.

मग येतं खरं काम, जे कोणाला करायला आवडत नाही कारण धूळ फार होते. कडप्प्याची पॉलिश काढून त्याला खरखरीत करायचं. तुमच्या आजीच्या वेळी टाकी लावणारा यायचा ना दारात, पाटा-वरवंटा आणि जात्याला टाकी लावून द्यायचा, कारण गुळगुळीत झालेल्या जात्यात दाणा नुसता घसरतो, दळला जात नाही. टाइलचा माल पण तसाच घसरतो. छिन्नी-हातोडीनं अर्ध्या-पाऊण इंचावर टाके मारता येतात, पण जुना कडप्पा छिन्नीच्या दणक्यानं मधेच फाटू शकतो म्हणून मी तरी ग्राइंडरला डायमंडची वाटी लावून घासून घ्या असंच म्हणेन. स्वैपाकघराचं दार बंद, भांड्यांवर चादरी, घासणाऱ्याच्या तोंडाला मास्क, आणि देवघर त्याच खोलीत असेल तर देव दोन दिवस बाहेरच्या खोलीत. घासून झाल्यावर झाडूनं झाडून सोडून देतात, तसं नको. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिळा, परत पुसा, बोट फिरवल्यावर बोटाला पांढरं लागता कामा नये.

आता घोळाचं. आपल्याकडं वर्षानुवर्षं सिमेंटच्या घोळावर टाइल लागल्या आणि टिकल्या पण, हे खरंय. पण त्या टाइल कोणत्या होत्या? भिंतीच्या सिरॅमिकच्या, ज्यांची पाठ मातीच्या पणतीसारखी पाणी ओढते, दहा टक्क्यांच्या वर. त्या पाण्यासोबत सिमेंट आत शिरून पकड घेतं. विट्रीफाइड टाइल पाणी ओढते अर्धा टक्का, किंवा त्याहून कमी. म्हणजे वर पाणी न पिणारी टाइल, खाली पाणी न पिणारा कडप्पा, आणि मधे बिचारा सिमेंटचा घोळ, त्यानं धरायचं कोणाला? वाळला की आकसतो आणि पापडासारखा सुटतो. म्हणून इथं टाइल ॲडहेसिव्हच पाहिजे. पोत्यावर आयएस (भारतीय मानक) १५४७७ हा नंबर आणि टाइप लिहिलेला असतो, १ ते ५. टाइप १ स्वस्त पडतं म्हणून दुकानदार तेच देतो, ते साध्या सिरॅमिकसाठी आहे. तुम्ही जुन्या टाइलवर, दगडावर चालतं असं स्पष्ट लिहिलेलं, साधारण टाइप ३ पासून पुढचं मागा आणि पोत्याची तारीख पण बघा.

लावताना दोनच गोष्टींकडं उभं राहून लक्ष द्या. एक म्हणजे माल दातेरी थापीनं सगळीकडं एका दिशेनं ओढलेला पाहिजे. टाइलच्या पाठीवर पाच लाडू ठेवून दाबायची पद्धत असते, चार कोपऱ्यांना चार आणि मधे एक, त्यात कोपरे आणि कडा पोकळ राहतात आणि एक दिवस कुकर जरा जोरात ठेवला की तुकडा उडतो. पहिलीच टाइल बसवली की लगेच उचलायला लावा आणि पाठ बघा, सगळीकडं माल लागलेला दिसला तर पुढं चला. मिस्त्री कुरकुर करेल, करू द्या, चहा पाजा. दुसरं म्हणजे आपलं ऊन. माल पसरल्यानंतर वीसेक मिनिटं चालतो असं काहीतरी पोत्यावर लिहिलेलं असतं पण एप्रिलमधल्या जळगावात पंखा चालू असताना त्यावर विसंबू नका, थोडा थोडा पसरा, बोट लावून बघा, बोटाला माल चिकटला तर टाइल लावा, वर साय धरली असेल तर खरवडून फेका. घमेल्यातला घट्ट झालेला माल परत पाणी घालून सैल करत असतील तर तिथंच थांबवा.

आणि हो, उंचीचा हिशोब आधी करा. ९-१० एमएमची टाइल आणि ४-५ एमएमचा माल, म्हणजे ओटा अर्ध्या इंचाहून थोडा जास्त वर येणार. सिंकची कड, खिडकीची चौकट, मागच्या भिंतीतला नळ, सगळ्यांना ते चालतंय का बघा. नाहीतर सिंक खड्ड्यात आणि पाणी ओट्यावर.

प्रश्न (पारोळ्याचे एक भाऊ) : नवीन घर आहे, ओट्याचा स्लॅब मागच्या आठवड्यात टाकला, अडीच इंच जाड, सळई टाकलीय. आखाजीला अठरा दिवस आहेत, दोन्ही बहिणी येणार. सेंटरिंग काढून लगेच टाइल लावून टाकू का?

उत्तर : घाई कसाले रे भो! माझ्याच घरची गोष्ट सांगतो. भुसावळला आमचं घर बांधलं तेव्हा मी दुसऱ्यांच्या साइटवर दिवसभर लोकांना शहाणपण शिकवायचो आणि घरी मात्र आईनं आखाजीचा धोशा लावला म्हणून सहाव्या दिवशी ओट्यावर टाइल चढवल्या. आखाजी छान झाली, सगळ्यांनी ओट्याचं कौतुक केलं. मृगाच्या आसपास एका रात्री स्वैपाकघरात फटाका फुटल्यासारखा आवाज आला, आम्हाला वाटलं मांजरानं डबा पाडला, दिवा लावून बघतो तर मधल्या दोन टाइल एकमेकींना डोकं टेकवून घरकुलासारख्या उभ्या. खालचं काँक्रीट वाळताना आकसत होतं आणि वर टाइलला हलायला जागा नव्हती, भिंतीपर्यंत घट्ट बसवलेल्या, सांधा पण ठेवला नव्हता मी. आई आजपर्यंत ते काढते.

तर भाऊ, काँक्रीटला आपण म्हणतो ती पूर्ण ताकद अठ्ठावीस दिवसांत येते, तोवर टाइल नको. आणि त्याच्या आधी पाणी मारायचं आहे. आयएस ४५६ मधे साध्या सिमेंटला किमान सात दिवस म्हटलंय, पण कोरड्या कडक उन्हात दहा, आणि हल्ली दुकानात मिळतं ते राखमिश्रित पीपीसी असेल तर चौदा दिवसांपर्यंत न्या असं आहे. खानदेशचा वैशाख म्हणजे कोरडं आणि कडक दोन्ही, तेव्हा चौदाच धरा. नुसतं सकाळ-संध्याकाळ तांब्यानं शिंपडून काही होत नाही, दुपारी बारापर्यंत ते वाळून खडखडीत. गोणपाट ओलं करून अंथरा, किंवा ओट्याच्या कडेनं मातीची छोटी पाळ घालून आत बोटभर पाणी साठवा, शेतात वाफा भरतो तसा.

हे चालू असताना बाकीचं उरकून घ्या. अॅल्युमिनियमची पट्टी ओट्यावर उभी, आडवी, तिरकी फिरवा, खाली एक सुतापेक्षा (इंचाचा आठवा भाग) जास्त फट दिसली तर तिथं पेन्सिलनं खूण करा. उंचवटा घासायचा, खड्डा पॉलिमर घातलेल्या मालानं आधीच भरून घ्यायचा, टाइलच्या मालानं खड्डे भरायचे नाहीत, तो जाड झाला की आकसतो आणि टाइल खाली ओढतो. कोपऱ्याला गुण्या लावून बघा, भिंत काटकोनात नसेल तर आत्ताच कळेल, टाइल कापताना नाही. सिंककडं किंचित ढाळ द्यायचा असेल तर तोही स्लॅबवरच द्या, पण अगदी नावाला, सहा फुटांत एखादं सूत, नाहीतर कढई एका बाजूला तेल धरते आणि पुरी वाकडी फुगते. वर सिमेंटचं पाणी तरंगून वाळलेला पांढुरका पापुद्रा असतो, विटेच्या तुकड्यानं घासला की भुकटी निघते, तो पापुद्रा तारेच्या ब्रशनं काढून टाका. टाइल लावायच्या दिवशी स्लॅब हलका ओला करून घ्या पण वर पाणी साचलेलं नको, कारण तापलेलं काँक्रीट मालातलं पाणी एका घोटात पिऊन टाकतं.

अठरा दिवसांत बहिणी येतीलच. स्लॅबवर स्वच्छ प्लायवूड टाका, वर मेणकापड, गॅस ठेवा आणि पुरणाचा घाट घाला, बहिणी काय टाइल बघायला येत नाहीत. टाइल श्रावणातल्या कानबाईच्या सणाआधी लावा, तसंही तेव्हा घराला रंग काढताच.

प्रश्न (चोपडा तालुक्यातून) : ओटा आणि भिंत यांच्यात फट पडते. दोनदा पांढऱ्या सिमेंटनं भरली, दर उन्हाळ्यात परत पडते. आता टाइल लावून कायमची झाकून टाकायची आहे.

उत्तर : काका, झाकून ती जाणार नाही, टाइल घेऊन फुटेल. तुमच्याकडची तापीकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते, हे शेतात तुम्ही रोज बघता. घराच्या भिंतींचा पाया खोल गेलेला असतो पण ओट्याचे पाय फरशीवर, म्हणजे भरावावर उभे असतात. भिंत जागेवर, ओटा मातीबरोबर खालीवर, मग फट पडणारच.

आधी हे बघा की हालचाल अजून चालू आहे का. काचवाल्याकडून टाकाऊ काचेची बोटभर रुंद, तीन-चार इंच लांब पट्टी आणा, फटीवर आडवी ठेवून दोन्ही टोकं एपॉक्सीनं चिकटवा आणि खाली तारीख लिहून ठेवा. काच तडकली म्हणजे अजून हलतंय. पण महिनाभर काच टिकली म्हणून खूश होऊ नका, एक पावसाळा आणि त्याच्यानंतरचा उन्हाळा जाऊ द्या. काच तडकत राहिली तर ओट्याच्या पायाखाली खोदून भरीव काँक्रीट टाकायला लागेल, किंवा ओटा भिंतीतच लोखंडी ब्रॅकेटवर पेलायचा, म्हणजे तो भिंतीबरोबरच हलेल. नाही तडकली तर टाइल लावा, पण ओट्याची टाइल भिंतीला टेकवायची नाही, तीन-चार एमएम मोकळं सोडा आणि तिथं ग्राऊट (सांधे भरायचा माल) न भरता सिलिकॉन भरा. खरं म्हणजे हा सिलिकॉनचा सांधा काळी माती असो नसो, प्रत्येक ओट्याला पाहिजे. मिस्त्री विसरतात, कारण सिलिकॉनची ट्यूब त्यांच्या पिशवीत नसते.

प्रश्न (धुळ्याहून) : बाथरूममधे वॉश बेसिनसाठी प्लायवूडचा काउंटर बनवलाय, सुताराने वॉटरप्रूफ प्लाय आहे म्हणून सांगितलं. त्यावर सरळ टाइल चालेल?

उत्तर : नाही चालणार. आयएस ७१० चा मरीन प्लाय असला तरी तो पाण्यात कुजत नाही एवढंच, ओलाव्यानं थोडा फुगणं आणि वाकणं चालूच राहतं, आणि सुतारानं बेसिनसाठी भोक पाडलं की कापलेल्या कडेतून पाणी थेट आत. कमीत कमी त्यावर सिमेंट फायबर बोर्डाची शीट स्क्रूनं घट्ट बसवून घ्या, मग टाइल. पण अजून सुताराचे पैसे द्यायचे असतील तर माझं ऐका, प्लाय दुसरीकडं शेल्फला वापरा आणि इथं भिंतीत खाच मारून कडप्पा टाका, घासून खरखरीत करून. त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, पहिला आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा, आणि भिंतीवर वीतभर चढवा. बेसिनच्या भोकाच्या आतल्या कडेला ब्रश नक्की फिरवायला लावा. गळती निघते ती तिथूनच आणि दिसते तिसरीकडं, मग वर्षभर सगळे नळालाच दोष देतात.

प्रश्न (नंदुरबारहून एक वहिनी) : नवीन टाइलच्या सांध्यांवर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं, पुसलं की जातं, परत येतं.

उत्तर : बुरशी नाही, क्षार आहेत. बादलीच्या तळाला बोअरच्या पाण्याचा पांढरा थर धरतो तेच. बहुतेक ग्राऊट बोअरच्या पाण्यात कालवलं असणार, आणि खालचा माल ओला असतानाच सांधे भरले असतील. सुका ब्रश मारून काढा, ओलं फडकं नको, पाण्यानं ते विरघळून परत आत जातं. काही महिन्यांत कमी होईल. हळदीचे डाग पण पडत असतील तर पुढच्या वेळी एपॉक्सी ग्राऊट घ्या, महाग आहे पण हळद धरत नाही.

प्रश्न (यावल तालुक्यातल्या एक आजी, नातवानं लिहून दिलंय) : पोरानं ओट्याला टाइल लावली, चांगलीय. पण म्हणतो आई आता ओट्यावर बडगीत (लाकडी खलात) ठेचा कुटायचा नाही, पोळ्यांचं मातीचं खापर पण ठेवायचं नाही. मग मी कुठं कुटू?

उत्तर : आजी, खापराचं पोराचं बरोबर आहे, चुलीवरून उतरलेलं तापलेलं खापर थेट टाइलवर ठेवलं तर टाइल तडकू शकते, खाली लाकडी पाट घ्या. बडगीचं मात्र मी पोराला विचारतो. त्याला म्हणा, कुटायची ती टाइल नाण्यानं वाजवून दाखव. टणटण वाजली तर बडगीखाली जाड गोणपाट घालून ओट्याच्या टेकूच्या बरोबर वर खुशाल कुटा. डबडब वाजली, तर खाली फरशीवर बसून कुटा आणि पोराकडनं मिरच्या निवडून घ्या.